सेनेतच्या बापासाठी एक पाव

गुरुवारची सकाळ. सोहागहून बल्यानाला जाणाऱ्या मायक्रोबसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर कबरस्तानात वाटायच्या गोड पावांची टोपली, लेकीच्या हातात फिरऊन राजांच्या काळातल्या थडग्यावरच्या शिळेचा फोटो.

"आई, मेलेल्याचं नावच उडालंय बघ. तीन महिने डोळे फोडतेय, एक अक्षर लागत नाही."

"बाकी काय लिहिलंय?"

"वाटेनं जाणाऱ्यांनो, म्हणा, हजार भाकरी, हजार घडे बिअर, अमक्याला."

"बिअरचं राहू दे. चार हजार वर्षं उपाशीच का गं बिचारा? शिळा कुणी बसवली?"

"मुलीनं. सेनेत नाव तिचं. ते शाबूत आहे."

"मग अडलंय कुठं? तुझ्या बाबांना गाव काय म्हणायचं?"

"अबू नवारा."

"म्हणजे तुझा, नवाराचा बाप! लोक सांगायचे, थांब, मुलगा होऊ दे, मग त्याचं नाव लाव. ऐकलं त्यांनी?"

"नाही ऐकलं."

"मयतीला आलेल्या निम्म्यांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी फातिहा पढायचा अडला?"

"आई, प्रबंधात असं नाही चालत गं."

"प्रबंधात नको लिहूस. डोळे पूस आधी."

मग आई मागे वळली आणि तिनं माझ्या हातात दोन पाव ठेवले.

"घे बाबा. एक अबू नवाराच्या नावानं."

"अल्ला रहम करो. आणि दुसरा?"

"अबू सेनेतच्या."

"कुठले हो ते?"

"इथलेच. लेकीनं फार केलं त्यांचं."