जुन्या गाडीला ट्रकचं चाक

तुम्ही आज एका बोटाने गाडी वळवता ना, म्हणून सांगतो. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी होतो. माझ्या खटाऱ्याच्या पॉवर स्टीअरिंगमधून सारखं तेल गळायचं. मित्र सुधीर म्हणाला, "काढूनच टाकू!" पंप, पट्टा, नळ्या, सगळं काढलं. मग स्टीअरिंगचं चाक हलेना! दोघं लोंबकळलो तरी हलेना.

सुधीर म्हणाला, "यार, आपल्या एसटीला कुठे असतं पॉवर स्टीअरिंग? तरी घाटात वळते ना? चाक मोठं हवं, बस्स!"

आणि पठ्ठ्याने भंगारातून ट्रकचं चाक आणून बसवलं!

गाडी झकास वळायला लागली. फक्त माझं पोट आत बसेना, तेव्हा सुधीरने मला ढकलून कोंबलं. तसाच तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला निघालो. शेजारी बायको, तिच्या मांडीवर सगळ्या मंडळाचं श्रीखंड. वाटेत पोलिसाने थांबवलं.

"सर, बाहेर या."

"येता येत नाही."

"का?"

बायको म्हणाली, "त्यांना बाहेर काढायला सुधीर लागतो."

त्याने वाकून चाक पाहिलं, मला पाहिलं, मग मागे जाऊन रस्ता न्याहाळून आला.

"सर," तो म्हणाला, "बाकीचा ट्रक कुठे सोडलात?"