मोरोक्कोचा तह आणि जेरोमचं लायसन्स

मी कृष्णाकाठची, संस्थानी मुलखातली. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिथं मुलगी पाठवायची घरात कुणाची तयारी नव्हती, तर संपलं शिक्षण. लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून शिकागोला आला, नवरा गेल्यावर मलाही घेऊन आला. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागं घर. सून म्हणाली, आई, आता आराम करा. आराम मला जमत नाही. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागले.

मोठी चादर एकटीला नीट घडी होत नाही, समोर दुसरं माणूस लागतं. माझ्या समोर लॉरेन असायची. माझ्यापेक्षा हातभर उंच, काळी, डोक्याला रंगीत कापड फेट्यासारखं बांधलेलं. माझं इंग्रजी मोडकं, पण काय सांगू तुम्हाला, एकाच चादरीची टोकं धरून दोन बायका दिवसभर उभ्या राहिल्या की बोलणं जमतंच.

लॉरेनकडचे लोक स्वतःला मूर म्हणवतात, मूळ मोरोक्कोकडचे. ती म्हणायची, लोक आम्हाला काळे म्हणतात, पण काळा हा काही देश नाही. आडनाव बे लावायचे. कागदावर मात्र जुनंच आडनाव होतं, पणजोबाला ज्यानं गुलाम म्हणून विकत घेतलं त्या मालकाचं. मोरोक्कोचं खरंखोटं मला माहीत नाही, पण असं नाव टाकून द्यावंसं वाटतं यात न कळण्यासारखं काय आहे?

तिचा मुलगा जेरोम, तिशीचा, शाळेची बस चालवायचा. ही दोन वर्षांपूर्वीची, चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्यांच्या सभेत कुणीतरी सांगितलं की दोनशे वर्षं होत आली, मोरोक्कोच्या सुलतानानं अमेरिकेशी मैत्रीचा तह केलाय, तो अजून मोडलेला नाही, म्हणून मूर माणसाला इथलं लायसन्स लागत नाही. या बहाद्दरानं लायसन्स सरकारला परत पाठवलं आणि तहाचं नाव छापलेलं कार्ड खिशात घालून आपली गाडी चालवायला लागला. पोलिसांनी धरला, गाडी नेली. बसवाल्या मालकानं सांगितलं, लायसन्स दाखव नाहीतर किल्ली ठेव आणि जा.

मी लॉरेनला म्हटलं, आमच्या राजाचाही इंग्रजांशी तह होता, पण नाक्यावर आमची बैलगाडी कुणी फुकट सोडली नाही. तिनं हातातलं चादरीचं टोक सोडून दिलं. म्हणाली, तू काल या देशात आलीस आणि मला सांगतेस? तीन-चार दिवस बोलली नाही. मग आपणहून म्हणाली, कोर्टात माझ्याबरोबर येशील का? रजा टाकून गेले.

जज्ज म्हातारे, गोरे. त्यांनी जेरोमला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, तह खरा आहे आणि आजही चालू आहे, मी वाचून आलोय. पण तो दोन देशांमधला आहे. इथल्या रस्त्यावर लायसन्स मलाही लागतं, तुम्हालाही लागतं. मग चष्मा काढून विचारलं, तुम्हाला नक्की हवंय काय?

जेरोम म्हणाला, “त्या मालकाचं नाव मला खिशात घेऊन फिरायचं नाही.”

जज्ज म्हणाले, त्याला तह लागत नाही, नाव बदलायचा वेगळा अर्ज असतो. आणि लायसन्ससाठी मुदत दिली.

बाहेर आल्यावर जेरोम भिंतीला टेकून उभा राहिला. माझंच नाव लावायला मी दुसऱ्याची परवानगी का मागू, म्हणाला. लॉरेनला दिसत होतं, हा इथं अडला की नोकरी गेली.

मी म्हटलं, ऐक. लग्नात आमच्याकडं ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. मी द्वारका होते, माझी सुशीला केली, मला विचारलंसुद्धा नाही. इथं नागरिक होताना साहेबानं विचारलं, नाव बदलायचंय का, तर मी म्हटलं, हो, द्वारका. मुलगा लाजला, आई, या वयात? मला तरी परक्या माणसाकडं मागायला कुठं गोड लागलं? पण मागितलं. आता सुशीला लिहायची कुणाची टाप नाही.

जेरोमनं विचारलं, “आंटी, मग मुलगा आता काय म्हणतो तुम्हाला?”

“आई म्हणतो, दुसरं काय म्हणणार?”

तो हसला तसा लॉरेनच्याही जिवात जीव आला. दोघं अर्ज कुठं मिळतो ते विचारायला गेले.

त्यांच्या सभेतले दोघे-तिघे अजून त्याच्याशी बोलत नाहीत, तू सरकारपुढं वाकलास म्हणतात. तह लॉरेनच्या भिंतीवर चौकटीत आहे, आणि असावाच. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या नावानं सुलतानाचा एवढा कागद असेल तर तो का उतरवायचा? फक्त तो घेऊन गाडी चालवायची नाही. लायसन्सवर आता जेरोम बे छापलंय. बस परत मिळाली. पोरगा सुखात राहो. यंदा बसमध्ये नवी लहान पोरं आलीत, ती त्याला मिस्टर बे म्हणतात, त्याचं दुसरं काही नाव होतं हे त्यांना माहीतच नाही.