आत्म्यानं नेलं तर तिकीट कशाला?

बसच्या तिकिटांची रांग इतकी हळू सरकत होती की गोगलगाय कंटाळून घरी गेली असती. म्हणून रांगेतल्या गणवेशातल्या एका शाळकरी मुलीनं मागं उभ्या असलेल्या दोघी बहिणींच्या बोलण्याकडे कान लावले, आणि मग काय, ती कानात प्राण आणून ऐकू लागली.

“पवित्र आत्मा तुला फुकट नेतो, मग तू या रांगेत कशाला, ताई?”

“कर थट्टा! प्रार्थनेत डोळे मिटले आणि थेट लेकीच्या स्वयंपाकघरात! बायबलमधल्या फिलिप्पालाही आत्म्यानं असंच उचलून दुसऱ्या गावी नेलं होतं.”

“त्याला तिथंच ठेवलं. तुला परत का आणलं?”

“माझं दूध गॅसवर होतं ना.”

“धन्य! आणि तिथं काय पाहिलंस?”

“पोट पुढं आलंय तिचं. पाय सुजलेत. ओट्याला धरून उभी होती गं.”

“हे आत्म्यानं दाखवलं, की तू माझ्या फोनला कान लावलास?”

“म्हणजे खरंच आहे तर! मावशीला सांगते आणि आईला नाही.”

“तू तिच्या लग्नाला गेली नाहीस, ताई. तिनं दारच उघडलं नाही तर?”

“आत्म्यानं नेलं तेव्हा बेल वाजवायला हात नव्हते. आता हातांसकट जाते.”

इतक्यात मुलीचा नंबर आला. ती टुणकन बाजूला झाली.

“काकू, तुम्ही घ्या आधी. मला मुळीच घाई नाही!”

खिडकीतल्या माणसानं विचारलं, “नुसतं जायचं, की परतीचंही?”

“नुसतं जायचं,” ताई म्हणाली. “दार नाही उघडलं, तर बाळंतपण होईपर्यंत पायरीवर बसेन. आत्म्यालाही बजावून ठेवलंय, मधेच उचलायचं नाही.”