लायनीनं नको म्हटलेला गॅस

हे लिहायला मी बसलो खरा, पण दुसऱ्याच्या घरातलं दुःख कागदावर आणण्याइतकी माझी तयारी आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही कोणी नाही. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, झोपड्या हलवून नगरपालिकेनं बांधलेल्या खोल्यांत आम्ही राहतो. आमच्याच लायनीतल्या गोदामावशी जशा बोलल्या तसं इथं उतरवलं आहे. काही निसटलं असेल तर तो दोष माझा समजून वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझं माहेर चाकणच्या अलीकडचं, गावाच्या खालच्या अंगाला आमची घरं. गावात ढोर मेलं की बोलावणं आमाला, वढून न्या म्हणून. धम्म घेतला तवा ते सगळं सोडलं, माहेरीबी आन् सासरीबी. मामंजींनी तर, म्हंजी माझ्या सासऱ्यांनी, गावाला तोंडावर सांगितलं, आजपासनं तुमची ढोरं तुमी वढा. मग गावानं दुकानातला माल बंद केला, विहीर तर आदीपासनंच बंद, तशी माणसं कंपन्या निघाल्यात म्हणून हिकडं आली. माझे मालक, शीलाचे वडील, कंपनीत लागले, पर्मनंट न्हाई, थोडे म्हैने घ्यायचं आन् ब्रेक देऊन काढायचं, असं ठेवलेले, आन् मी कँटीनला भांडी घासायला. नाल्याकाठची झोपडी हलवून ही खोली दिली नगरपालिकेनं. खोली पक्की हाय, मी नावं न्हाई ठेवत, पण वर शिमिटाचे पत्रे, खिडकी न्हाई, धुराला जायला वाट न्हाई. बांधणाऱ्याला वाटलं असंल ही माणसं जेवत न्हाईत.

आन् जाळायचं काय, काय सांगू तुला बाळा, रेशनचं राकेल पुरत न्हाई, मग कंपनीत मशिनी येतात ना खोक्यातनं, त्या खोक्यांच्या फळ्या, कुठं रंग लावलेल्या, कुठं डांबर, आन् पेटवायला मशिनी पुसलेल्या तेलकट चिंध्या. काळा धूर, घशाला चिकटून बसणारा. मी फस्ट शिफ्टला जायची, मग भाकरी शीला करायची, थोरली माझी, तवा शाळेत होती. तिला दम लागायला लागला तो तवाच. डाक्टर म्हणाले हिला धुरात बसवू नका. मी म्हटलं डाक्टर, खोली एक, चूल तिथंच, बसवू कुठं. तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

मग ती स्कीम आली. नगरपालिकेचा साहेब आला, तरणा पोरगाच, मनानं चांगला. म्हणाला लायनीच्या टोकाला संडास हायेत त्याला टाकी बांधायची, मैल्यातनं गॅस निघतो, तो पायपानं घराघरात, फुकट, धूर न्हाई, राख न्हाई. मोकळ्या जागेत मीटिंग भरली, पुरुष पुढं, आमी बाया मागं. साहेब म्हणाला वास येत न्हाई, मनातनं काढून टाका. शेजारची खातूनभाबी मला म्हणाली, आत्ता तरी चुलीत काय अत्तर जळतं का गोदा, तशा बाया हसल्या, मीबी हसले, मला वाटलं झालं, सुटली माझी पोरगी.

तेवढ्यात मामंजी उठले. म्हणाले, साहेब, तुमी राहता त्या सोसायटीत बसवलाय का हा गॅस. साहेब म्हणाला, बाबा, तिथं सिलिंडर आहेत. मामंजी म्हणाले, मग तिकडं सिलिंडर आन् हिकडं गू, हे कुणी ठरवलं. घाण वढायची सोडली म्हणून गाव सुटलं आमचं, आता तीच घाण चुलीपाशी आणता व्हय, आदी तुमच्यात लावा, मग आमच्यात या. टाळ्या पडल्या. मी उठले, सासऱ्यासमोर कधी बोलले न्हाई, तवा बोलले, म्हटलं मामंजी, शीलाला धूर सोसत न्हाई. ते माझ्याकडं न बघता साहेबाला म्हणाले, ऐकलंत, पोरीला धूर सोसत न्हाई, धुराडं बांधून द्या, सिलिंडर द्या, आमी कुठं न्हाई म्हणतोय. साहेब म्हणाला तशी स्कीम न्हाई.

आता त्यांचं खोटं होतं का, तूच सांग. न्हाई ना. माझंबी खोटं न्हवतं. दोघं खरं बोललो आन् मधी पोरगी.

पुढं धुराड्यासाठी कचेरीत गेलं की एकच उत्तर, तुमच्या लायनीनं स्कीम नाकारली ना. मामंजी तरी जात राहिले. शीलाची शाळा सुटली. पावसाळ्यात बसल्या बसल्या खांदे वर वर जातात तिचे, लोहाराचा भाता चालावा तशी. मामंजी तिची पाठ चोळत बसतात. आन् आता मागल्या आठवड्यात काय केलं त्यांनी, धुतलेलं धोतर नेसले, मला म्हणाले चल, आन् कचेरीत जाऊन उभ्यानंच म्हणाले, साहेब, आमाला तो गॅस पायजे. साहेब बदलून दुसराच आलेला, म्हणाला कुठला गॅस. मग मामंजींना ते तोंडानं म्हणावं लागलं, संडासाचा, सगळ्या माणसांसमोर. साहेब म्हणाला बघू, वर विचारतो.

माघारी येताना रेल्वे फाटकापाशी बसले, म्हणाले गोदा, मीटिंगला टाळ्या वाजवल्या त्या लोकांना काय सांगू. मी म्हटलं काई सांगू नका, चला घरी. आता मी कुणाकडं काय मागत न्हाई बाळा, पोरीला एक श्वास नीट घेता यावा येवढंच. तू शीक, तुझ्या आईला तुझं चांगलं बघाया मिळू दे.

मावशी इथं थांबल्या होत्या. कचेरीचं उत्तर कळायला पुढे बरेच महिने गेले, आणि ते आणायला मावशींच्या मामंजींनी मलाच पाठवलं, कारण पुन्हा तिथं उभं राहणं त्यांच्यानं होत नव्हतं. ती योजनाच बंद झाली, जिथं टाकी बांधली तिथं तिचं लोखंडी झाकणही गंजून पडलं आहे, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. मी येऊन त्यांना तसंच सांगितलं. शीला दारात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पाठीवरचा हात त्यांनी काढला नाही. म्हणाले, मग माझं त्या गॅसला व्हय म्हणणं कचेरीतच राहिलं की.