पाच व्होल्टची घंटा

समारंभाच्या आदरणीय अध्यक्षा, व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाचे सभासद, आणि दाराशी उभं राहून 'आटपा, चहा गार होतोय' अशा नजरेनं बघणारे आमचे चिटणीस, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांना मी घरी वहिनी म्हणतो. त्यांच्याच पुढच्या खोलीत आपलं हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळ तेवीस वर्षं भरलं. आज त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं ती माझ्या तोंडातून निघाली नाही. चारचौघांत तरी निघेल म्हणून उभा राहिलोय.

मानपत्रात माझं फार कौतुक केलंत. अहो, मी साधा लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर लोकांना वरखाली करायचं आणि संध्याकाळी बोर्डांशी खेळायचं. पहिल्या चिपला काचेची खिडकी होती. प्रोग्रॅम चुकला की पुसायला ती वीस मिनिटं जांभळ्या दिव्याखाली ठेवायची. दोन महिने खपून मी एक बारका दिवा लुकलुकवला आणि दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हाताला धरून दाखवायला आणलं. तो म्हणाला, "एवढंच? हे तर भिंतीवरचं बटणही करतं की!" पण नंतर शेजारच्यांना बोलावून त्यानंच तो दिवा दाखवला.

पुढे निळे बोर्ड आले. केबल लावली की काम सुरू. मग बोटाएवढे आले, वायफायसकट. नवा बोर्ड आला आणि मी गप्प बसलो, असं कधी झालंय का?

दादाला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तेव्हा निळ्या बोर्डावर मी एक घंटा करून दिली. बटण त्याच्या उशाशी, घंटा स्वयंपाकघरात. सहा वर्षं तिनं एकदाही दगा दिला नाही. दादा पाण्यासाठी वाजवायचा, आणि कधी कधी नुसतीच वहिनींना पळवायला. त्या लटक्या रागानं यायच्या आणि तो हसायचा.

मग नवा बोर्ड आला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चालतंय ते चालू द्या ना." मी ऐकतोय कसला! हा बोर्ड बटण दाबल्याची प्रत्येक वेळ लिहून ठेवणार होता, मला मोबाइलवर निरोप पाठवणार होता. निरोपाचं काम रविवारवर टाकलं आणि बोर्ड बसवून मोकळा झालो. घंटा चालू करणारी जुनी रिले पाच व्होल्टची. नवा बोर्ड देतो जेमतेम सव्वातीन. सभासदहो, हे मी तुम्हाला पहिल्याच तासाला शिकवतो. अशी रिले कधी ओढते, कधी ओढत नाही; बटण दाबूनही घंटा मुकी राहते. मी तीनदा दाबून पाहिलं, तीनदा वाजली. खुशीत घरी गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी चहा घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा दादा गेलेला होता. स्वयंपाकघर दहा पावलांवर. तेव्हापासून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "शेवटपर्यंत हट्टी. एकदा बटण दाबलं असतं तर मी धावत आले नसते का?" त्या त्याच्यावर रुसून आहेत. आणि मी, मेल्यासारखा, शेजारी बसून मान डोलावत आलोय.

डोळे अधू झाले म्हणून मंडळ सोडतो, असं मी अर्जात लिहिलं. ते खोटं आहे. माझा हात आता बोर्डाला लागत नाही.

मंडळानं भरभरून प्रेम दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पदरात घ्यावं.

वहिनी, तुमच्याकडे मात्र माफी मागायला माझी जीभ रेटत नाही. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा, पण दादावर रुसू नका. त्या बोर्डातल्या नोंदी मी दादाचं दिवसकार्य झाल्यावर उघडून पाहिल्या. तो तुम्हाला बोलावत होता, वहिनी. सात मिनिटांत अकरा वेळा.