दुधाच्या जागी मसाला

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन तुमच्यासमोर उभा आहे. अगदी सोपा! पहिलीतलं पोर उत्तर देईल. — 'आपण' म्हणजे कोण?

हसू नका! आपली मराठी मोठी दिलदार भाषा. इंग्रजाचं एका 'वुई'वर भागतं, आपल्याकडे दोन शब्द — 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं, की तुम्ही बसा उपाशी! आणि 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं, की तुमचं पान मांडलं! मग मला सांगा, तोंडानं 'आपण' म्हणणारा माणूस मनानं केव्हा 'आपण' होतो? पंगतीला बसताना, का खरकटी काढताना?

नाही ना सुचत उत्तर? मग ऐका!

पुण्यात एक कंपनी आहे. कन्सल्टिंगची. — पुढची मंडळी हसली, कारण निम्मी सोसायटी अशाच ठिकाणी नोकरीला! पण मागे आजीबाई बसल्यात, त्यांच्यासाठी सांगतो. कन्सल्टिंग म्हणजे सल्ला देणं. आजी, जो सल्ला तुम्ही सुनेला फुकट देता आणि ती घेत नाही, तोच ही माणसं परक्याला देतात आणि वर बिल पाठवतात! आणि नवल म्हणजे, तो घेतलाही जातो!

आता ही कंपनी फार मोठी नाही, अगदी लहानही नाही. मधली. मधल्या लेकराची गत ठाऊक आहे ना? थोरल्याला मान, धाकट्याचे लाड आणि मधल्याला थोरल्याचे जुने कपडे! मोठ्यांसारखं दिसायचं, लहानांसारखं राबायचं. दर महिन्याला नवं गिऱ्हाईक शोधायचं, त्याला 'क्लायंट' म्हणायचं, आणि आपल्याला त्याच्या धंद्यातलं सगळं कळतं असं तोंड करून त्याच्यासमोर बसायचं. ते तोंड करण्याचंच तर शिक्षण असतं!

त्या कंपनीत आमचा उपेंद्र सबनीस मॅनेजर होता. कानाजवळचे केस पिकलेले, शर्ट सदा इस्त्रीचा, माणूस सरळ. उमेदीची सगळी वर्षं त्यानं तिथंच घातली. आता एकच पायरी उरलेली, पार्टनर होण्याची. पार्टनर म्हणजे, आजी, जावयाला सासरी जो मान ना, तो! पण रोजचा! मोठे साहेब बेहेरे, त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "उपेंद्र, दिवाळीनंतर नाव जाहीर करतोय. या वेळी तुझंच." बायकोनं, रोहिणीनं, माहेरी कळवूनही टाकलं होतं.

नव्या पोरांना शिकवण्याचं काम उपेंद्रचं. आणि पहिला धडा काय? "क्लायंटसमोर 'तुम्ही' म्हणायचं नाही. 'आपण' म्हणायचं. 'तुमचा खप कमी झालाय' नाही, 'आपला खप कमी झालाय'. त्यांना वाटलं पाहिजे, ही आपल्याच घरची माणसं." बघा! 'आपण' शिकवायचासुद्धा वर्ग!

त्या वर्गात एक मुलगी होती, केतकी गायधनी. सिन्नरकडची. हुशार, पण बोलताना आवाज खाली जायचा. आली आणि बेंचवर बसली. आता हे बेंच काय? ज्याला काम नाही तो बेंचवर! आमच्या मास्तरांनी आम्हाला बाकावर उभं केलं, इथं बाकावर बसवतात, शिक्षा तीच! रोज छान कपडे घालून यायचं, आणि कुणी काम देतंय का म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि फार दिवस बसलं, की एक दिवस घरी. पोर संध्याकाळी वडिलांना फोन करायची. "अण्णा, खूप काम आहे हो. जेवायलासुद्धा उसंत नाही." आणि फोन ठेवून डोळे पुसायची.

उपेंद्रनं ते एकदा पाहिलं. पुढचं काम आलं तेव्हा म्हणाला, "ही मुलगी मला द्या." बेहेरे म्हणाले, "घे. पण हे तिचं शेवटचं हं. जमलं नाही तर नारळ."

काम होतं कराडजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्याचं. मालकीण थोरातअक्का. घरच्या उखळापासून सुरुवात केलेली बाई. आता हाताखाली पुष्कळ बायका. बजावलं होतं, "मराठीत लिवा. आन् माज्या बायकांम्होरं वाचून दावा. त्यांनाबी कळू द्या."

केतकी तिथं जाऊन राहिली. बायकांत बसली, मिरच्या निवडल्या, शिंकली, सगळं विचारून घेतलं. पण मुदत आली जवळ, आणि अहवालाचा मागचा भाग व्हायचा होता. तेवढ्यात उपेंद्रच्या गळ्यात दुसरंच काम पडलं. तो घाईत म्हणाला, "केतकी, मागं आपण डेअरीचं केलं होतं ना, ते काढ. दुधाच्या जागी मसाला घाल. मी एकदा वाचतो, की झालं!"

मंडळी, संगणकाला एक सोय असते. एक शब्द सांगा, तो सगळीकडचा काढून तिथं दुसरा घालतो. फार इमानी प्राणी! सांगितलं तेवढंच करतो. केतकीनं दूध काढलं, मसाला घातला. आणि उपेंद्र? वाचायचं राहून गेलं.

झालं! दिवस उजाडला. कारखान्याच्या पडवीत सतरंज्या अंथरलेल्या, बायका बसलेल्या, समोर पडदा. बेहेरेसाहेब स्वतः उभे. सूट, टाय! "अक्का, आपण सगळे मिळून, आपला हा व्यवसाय, आपल्या सर्वांच्या..." दर वाक्याला 'आपण'! पुढचा भाग केतकीनं मन लावून लिहिलेला. बायका माना डोलावतायत. मग आला मागचा भाग. आणि साहेब खणखणीत आवाजात वाचतायत बरं का —

"म्हशीच्या मसाल्याला ग्रामीण भागात चांगली मागणी आहे."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"मसाला उतू जाणार नाही, याची आपण दक्षता घ्यावी."

एक खुदकन हसली.

"वासराला पोटभर मसाला पाजून, मगच मसाला केंद्रावर..."

अहो, काय सांगू! हास्याचा डोंब उसळला! एकीला तर ठसका लागला, दुसरी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणते, "वासराला पाजल्याला तुला कसा लागला गं?"

हसा, तुम्हीही हसा! पण अक्का हसली नाही. तिनं हात वर केला.

"सायेब, ही पोरगी माज्या बायकांत बसली. त्यांनी तिला समदं सांगितलं, लपीवलं न्हाई. वाटलं, कुनीतरी आमचं बगितलं, आमचं लिवलं. आन् तुमी काय वाडलं? दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं! तुमच्या घरी पावना आला, तर त्याला आसंच वाडता का वो?"

बेहेरेसाहेबांच्या कपाळावर घाम. पण मुरलेला माणूस! चट्कन वळले, आणि बोट केलं केतकीकडे. "अक्का, माफ करा. ही नवीन मुलगी आहे. हिनं केलंय. हिला आजच कामावरून कमी करतो."

बघितलंत? पडदा लागला तेव्हा 'आपण', आणि वासरू निघालं तेव्हा 'हिनं'! आमचंच एक जुळवलेलं आहे —

श्रेयाच्या ताटाला । सारेच बसती ।
चुकीच्या पंगती । एकटाच ॥

— पेटीवाले दीक्षितकाका हसतायत, म्हणजे अनुभव दिसतोय!

केतकी लॅपटॉपशेजारी उभी. चेहरा पांढराफटक. ज्यांनी मिरच्या निवडायला शिकवलं त्या बायका समोर, आणि त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही. म्हणायला गेली, "मी..."

आणि उपेंद्र? शेवटच्या खुर्चीत बसलेला. मनात काय चाललं असेल? वाईट माणूस नव्हता हो तो! पण मन मोठं वकील असतं. म्हणालं, अरे, गप्प बस! तुला कुणी विचारलंय? साहेबांनी निकाल दिलाय. तिला दुसरी नोकरी मिळेल, तुझं पार्टनरपद पुन्हा येणार आहे का? रोहिणीचा चेहरा आठव! दिवाळी तोंडावर आलीय! सगळे मुद्दे बिनतोड. एवढ्यात त्या पोरीचं ते 'मी' त्याच्या कानावर पडलं. एवढंसं. विहिरीत पडलेल्यानं हाक मारावी तसं.

तो उठला.

"अक्का, हे हिनं नाही केलं. आम्ही केलं. जुनं काढ आणि शब्द बदल, असं मी सांगितलं. वाचून बघायचं काम माझं, ते मी केलं नाही. ताट मी लावलं होतं. हिनं फक्त तुमच्यापुढं आणून ठेवलं."

बेहेरेसाहेब बघतच राहिले. अक्कानं आधी त्याच्याकडे, मग केतकीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. आज जावा तुमी. पर पुन्यांदा याचं आसंल, तर ह्यो आन् ही पोरगी, दोगंच या. बाकीचं कुनी नगं."

परतीच्या वाटेवर साहेबांची गाडी पुढे निघून गेली. हे दोघं भाड्याच्या गाडीत. केतकी खिडकीकडे तोंड करून रडत होती. "सर, माझ्यामुळं तुमचं पार्टनरचं..." उपेंद्र म्हणाला, "ते राहू दे. आधी पाणी पी." सातारा मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, आपण पहिल्यापासून लिहूया?"

मंडळी! हे 'आपण' कुठल्या वर्गात शिकवतात हो?

त्यांनी लिहिलं. पुन्हा बायकांत बसले, दोघंही शिंकले, आणि नवं लिहून दिलं. केतकीची नोकरी राहिली. अक्कानंच साहेबांना निरोप धाडला होता, पोरगी हलवायची नाही!

आणि उपेंद्र? आता तुम्ही म्हणाल, सत्याचा विजय झाला, देवानं पुष्पवृष्टी केली, उपेंद्र पार्टनर झाला! नाही, मंडळी. दिवाळी झाली, नाव जाहीर झालं, ते दुसऱ्याचं. उपेंद्रनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "एक शब्द गिळला असतास ना, तर आज तुझं नाव असतं." तो म्हणाला, "गिळला असता, साहेब. पण घशातच अडकला असता." बोलला खरा ऐटीत! पण घरी जाताना एकच घोर. बायकोला काय सांगू? तिनं माहेरी सांगून ठेवलंय!

घरी आला. सांगितलं. सगळं सांगितलं, केतकीचं, अक्काचं, टाळ्यांचं. रोहिणीनं ऐकून घेतलं. उठून आत गेली. उपेंद्रला वाटलं, रागावली. रागावेल नाही तर काय! बाहेर बसून राहिला बिचारा, बूटसुद्धा काढले नाहीत. तेवढ्यात आतून आवाज आला. माहेरी फोन लावला होता.

"आई, ते पार्टनरचं मी म्हणाले होते ना... आमचं यंदा नाही गं झालं."

ऐकलंत? 'यांचं नाही झालं' म्हणाली नाही. 'आमचं'! कारखान्यात ताठ उभा राहिलेला, टाळ्या वाजवणारा, साहेबाला चोख उत्तर देणारा तो माणूस, तिथं बूट घालूनच रडला. सुखानं रडला हो! पद गेलं होतं, पण तो एकटा नव्हता.

आता तुमच्याकडे येऊ? चुळबुळ करू नका, प्रसाद पळून जात नाही! पोरगा पहिला आला की "माझा मुलगा", आणि शेजाऱ्याची काच फोडून आला की "अहो, बघा तुमचे चिरंजीव!" होतं की नाही घरोघरी? सून चांगली निघाली तर "आम्ही निवडली", आणि खटका उडाला की "यानं करून आणली!" मग मगाचा प्रश्न तुमचा तुम्हीच सोडवा. 'आम्ही' म्हणा, 'आपण' म्हणा, व्याकरण मास्तरांवर सोपवा. पण आज घरी गेल्यावर बघा. कुणीतरी आपली चूक उराशी धरून कोपऱ्यात बसलं असेल. नापास झालेलं लेकरू असेल, पैसे बुडवून आलेला भाऊ असेल, विसरभोळा झालेला म्हातारा बाप असेल. त्याला उपदेश करू नका, उपदेशाला आम्ही आहोत! त्याच्या शेजारी नुसते जाऊन बसा. देवही तिथंच बसलेला असतो, तुमची वाट बघत.

उठा आता. हात जोडा, आणि म्हणा माझ्यामागून... छे, छे, चुकलो! माझ्यामागून नाही. म्हणूया आपण — विठ्ठल, विठ्ठल!