तानाक्काचा डावा हात

मंडळी, जरा सरकून बसा आणि मला एवढंच सांगा — कुणी आपली नक्कल केली की राग कशाचा येतो? खोटी केली याचा, की खरी केली याचा? … थांबा! लगेच माना डोलावू नका! अजून गोष्ट कुठं सांगितलीय?

तर ऐका. मिरजेला कमलाक्षीबाई बोरवणकर म्हणून मोठ्या गवई होत्या. मोठ्या म्हणजे केवढ्या? बाईंनी षड्ज लावला की मांडवातलं रडणारं मूल गप्प व्हायचं! आमचं कीर्तन सुरू झालं की निजलेलं मूल रडायला लागतं — हसा, हसा, खरंच आहे ते!

एका रविवारी दुपारी बाई जेवून सुपारी कातरत बसल्या होत्या. समोर नात, गार्गी, टीव्ही बघतेय. काय बघतेय? कार्टून! लहान मुलांचं नव्हे हो, मोठ्यांचं. चित्रातली माणसं चालतात, बोलतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. म्हणजे आपलंच गाव, फक्त रंग जास्त!

आणि पडद्यावर आली कोण? हिरवा शालू, कपाळभर कुंकू, आणि नाक — भोपळ्याएवढं! नाव काय, तर तानाक्का! गार्गी किंचाळली, "आजी! अगं, ही तर तू!"

अडकित्ता जागच्या जागी थांबला.

तानाक्का गायला बसली. मागं तानपुरा घेऊन एक काडीसारखी बाई. ती काडी जरा तोंड उघडते, "आ—" की तानाक्काचा डावा हात रबरासारखा लांब होतो, मागं जातो आणि तिच्या तोंडावर — थाप्! पुन्हा "आ—" पुन्हा थाप्! हशा! गार्गी हसली. स्वयंपाकघरातून सूनबाई आली, तीही पदराआड हसली. घरची माणसं, मंडळी! बाहेरचा हसला तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. घरचं हसलं तर काय करायचं?

"शालनला बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

शालन कोण? बाईंची शिष्या. एकतीस वर्षं मैफलीत त्यांच्या मागं तानपुरा धरून बसलेली. आपल्याकडं रीत कशी आहे? गुरू गाता गाता मान वळवतो, "घे" म्हणतो, आणि मागचा शिष्य चार सूर पुढं नेतो. त्या एका "घे"वर उद्याचा गवई उभा राहतो. हे लक्षात ठेवा बरं!

शालन धावत आली. बाई म्हणाल्या, "वाहिनीला पत्र लिही. साऱ्या महाराष्ट्रात माझी अब्रू घालवली मेल्यांनी! लिही — माझ्या शिष्येच्या तोंडावर हात ठेवतानाचं हे चित्र धादांत खोटं आहे. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही कर."

शालननं "चित्र"पर्यंत लिहिलं. पेन थांबलं.

"काय झालं?"

"पुढचं मला लिहिता येत नाही, बाई."

काय म्हणाली? जिनं एकतीस वर्षांत "पाणी हवं" असंसुद्धा मोठ्यानं म्हटलं नाही, ती हे म्हणाली!

"मी कधी तुझ्या तोंडावर हात ठेवला गं?"

"ठेवला नाहीत. नुसता उचललात. मी सूर लावला की तुमचा डावा हात वर व्हायचा. मला वाटायचं, माझा सूर कच्चा आहे. म्हणून पहाटेचा रियाज वाढवला. तरी हात वर. मग पुढं पुढं … काही वाटायचंच बंद झालं."

बाईंनी आपला डावा हात असा पाहिला — जणू दुसऱ्याच कुणाचा मांडीवर येऊन पडलाय! मग म्हणाल्या, "खोटं! मला आठवत नाही. तानपुरा घे. गा बघू."

शालन गायली. पहिला सूर … दुसरा … तिसऱ्याला काय झालं असेल?

हात वर झाला!

आपोआप! बाईंनी उचलला नाही हो, तो उठला! आणि शालन तिथंच गप्प. मान खाली. दारात गार्गी उभी होती, पण आता तिला हसू आलं नाही.

बाई चरकल्या. डोळ्यांतून धार लागली. त्यांनी झपकन शालनकडून तानपुरा ओढून आपल्या मांडीवर घेतला. डावा हात खुंट्यांजवळ, उजवा तारांवर. म्हणाल्या, "आता या हाताला सवड नाही. घे, शालन!"

एकतीस वर्षांनी आला तो शब्द! शालनचा पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. बाई तानपुरा छेडत राहिल्या, दिवेलागण होईतो. ते पत्र अर्धंच राहिलं.

काय मंडळी, इकडंतिकडं काय बघताय? सासूबाई सुनेकडं बघतायत, सरपंच उपसरपंचांकडं! आपला हात कुणाच्या तोंडापुढं उठतो, ते आपल्याला दिसत नाही. कार्टूनवाल्याला दिसतं!

आणि मी? हे पेटीवाले त्र्यंबकराव, बावीस वर्षं माझ्यामागं बसतात. गळा गोड आहे म्हणतात. म्हणतात! मी कुठं ऐकलाय? एकदा त्यांनी अभंग उचलला, तर मी झांज जोरात वाजवली होती. आठवतंय ना, त्र्यंबकराव?

… मान डोलावली त्यांनी. बघितलंत?

आजची भैरवी मी म्हणणार नाही. ही झांज, हे माझे दोन्ही हात गुंतले. हळू वाजवतो. त्र्यंबकराव — घ्या!